राजाबाईचा दम

"भरमू, अरं झोपलास काय आत?" पेवाच्या तोंडाशी ओणवा होऊन परशरामानं हाक मारली. "पाटी भरली का न्हाय?"

आतून उत्तर आलं नाही. खळ्यावर जवारी पाखडत बसलेल्या बायका हसल्या.

"गार जागा गावलीया त्येला. आता कशाला येतोय वर," एक जण म्हणाली.

भरमूची बायको जयवंता सूप न थांबवता म्हणाली, "ऱ्हाऊ दे की तितंच. भाकरी दोरानं सोडीन. घरात तरी कुठं हलतोय जागचा."

पुन्हा हसू फुटलं. राजाबाईचा हात मात्र सुपावरच थांबला. ती जयवंतेची थोरली जाऊ. मघापासून भरमू आतून गुणगुणत होता, मध्येच शिवी हासडत होता. आता पेव मुकं झालं होतं, आणि मुक्या पेवाची राजाबाईला चांगली ओळख होती.

सदलग्याच्या मुरमाड जमिनीत अशी पेवं आज्या-पणज्यांनी खणली होती. गळा घागरीसारखा अरुंद, एका माणसापुरता. पोट मोठ्या खोलीएवढं. जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि कडा मातीनं लिंपून टाकायच्या. मग आत कोंडलेला दाणा आतली हवा हळूहळू पिऊन टाकी. हवा सरली की मुंगी नाही, दाणा पोखरणारा पोरकिडा नाही. वर दुष्काळ पडो की लढाई होवो, खाली दाणा वर्षानुवर्षं पडल्या जागी टिकून राही. गाव जगायचं ते त्या सरलेल्या हवेवर. आणि त्याच हवेत कुणी माणूस उतरला की गाव म्हणायचं, पेवातल्या बाईनं बळी घेतला.

लढाईची सालं होती. रॉकेल बघायला मिळत नव्हतं. पेव काल सकाळी उघडलं होतं. दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवून, कंदील आत सोडून बघितला होता. तो झकास जळला, तेव्हा भरमू उतरला आणि सांज होईतो पाट्या भरत राहिला. रात्री कुणाचं पोर खेळता खेळता आत पडायला नको म्हणून फरशी पुन्हा सरकवली आणि कडाही लिंपल्या. आज सकाळी पेवाचा मालक कल्लाप्पा म्हणाला होता, "कंदील सोडून बघू या का?" तर परशराम म्हणाला, "आण्णा, काल जळला की. परत कशाला रॉकेल नासता?" ते सगळ्यांनाच पटलं. तळाची जवारी दमट होती आणि एका रात्रीत तिनं आतली हवा पुन्हा पिऊन टाकली होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"भरमू," राजाबाईनं पेवात हाक घातली. तिचाच आवाज पोकळ होऊन परत आला.

परशरामानं धोतर खोचलं. "थांबा, मी बघतो." तो पाय आत सोडणार, तोच राजाबाईनं त्याचा दंड धरला.

"हलू नगंस."

"सोड आक्का. मरंल त्यो."

"तू उतरलास तर दोघं मरशीला. माझा मालक गेला, त्येला काढाय त्येचा मैतर उतरला. दोघंबी वर आले ते मढी हून. माघारी फीर."

परशरामानं पाय वर घेतले. गुंडूची गोष्ट गावात लहानथोरांना ठाऊक होती. गुंडू राजाबाईचा नवरा, भरमूचा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा भरमू लुगडं धरून मागं मागं फिरणारं पोर होतं, आणि ते पोर राजाबाईनं पदराखाली घेतलं. तिच्या वाट्याला एक जातं आलं. गावाचं दळण दळून तिनं दिराला वाढवलं, नांगराला उभं केलं, लग्न करून दिलं. भल्या पहाटे तिची ओवी अख्ख्या आळीला ऐकू येई. इतर बायका पहिल्या ओळीला दम खात, राजाबाई दोन्ही ओळी एका श्वासात ओढून नेई. बायका थट्टा करत, "आक्काच्या छातीत लोहाराचा भाता हाय गं."

"घोंगडी आणा," राजाबाई म्हणाली. "दोराला बांधून खालवर करा. वारं पडलं की खळ्यावर कसा वारा घालतासा? तसा आत घाला. आन् घागरी आणा. पाणी उंचावनं वता, पाण्यासंगं वारं खाली जातंया."

"जवारी भिजंल," कुणीतरी पुटपुटलं.

कल्लाप्पानं पहिली घागर स्वतः उचलली. "भिजू दे."

घोंगडी खाली जाऊ लागली, वर येऊ लागली. बायका सुपं घेऊन पेवाभोवती बसल्या आणि सगळ्या मिळून आत वारा घालू लागल्या. जयवंताही घालत होती; तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण वारा आत मुरायला वेळ लागतो, आणि भरमूकडे वेळ नव्हता.

राजाबाईनं कासोटा घट्ट मारला. "दोर कमरंला बांधा माझ्या. दुसरा हातात द्या, फास करून."

"आक्का, तुमी बाईमाणूस—" कल्लाप्पा बोलू लागला.

"तुमच्यात कुणाचा दम माझ्यावानी हाय, त्येनं म्होरं यावं."

कुणी पुढं आलं नाही.

"दोराला हिसका बसला की वर वढा. थांबू नगासा."

तिनं वरची मोकळी हवा छातीत भरून घेतली, तोंड मिटलं आणि ती पेवाच्या गळ्यातून खाली उतरली. आत उबट, आंबूस काळोख होता. पाय जवारीत गुडघ्यापर्यंत रुतले. वरून पडणाऱ्या उजेडाच्या गोल तुकड्यात भरमूच्या पाठीवरचा सदरा दिसला. तो पालथा पडला होता. राजाबाईनं मनातल्या मनात जातं ओढायला सुरुवात केली.

*जात्याच्या भवतीनं पांढऱ्या पिठाचा डोंगर*

फास त्याच्या डोक्यावरून घातला. एक हात बाहेर आला, दुसरा जवारीखाली अडकलेला. तिनं ढोपरानं दाणा सारला.

*माझ्या ग दिराच्या हाती सोन्याचा नांगर*

ओवी संपली, हात निघाला नाही. रोज इथंच ती श्वास घेत असे. छाती फुटायला आली, कानात जातं घरघरू लागलं. तिनं श्वास घेतला नाही. पहिली ओळ पुन्हा धरली, त्याचा हात उपसून काढला, फास काखेखाली ओढला आणि दोन्ही दोरांना हिसका दिला.

आधी भरमू वर आला, त्याच्या पायामागून राजाबाई. गळ्याच्या मुरमानं तिचे दोन्ही खांदे सोलले होते. फरशीपाशी पडल्या पडल्या तिनं जो श्वास ओढला, त्याचा आवाज खळ्याच्या पलीकडं गेला.

भरमूला वाऱ्याच्या तोंडाला निजवलं. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. सुपं आता त्याच्यावर चालू लागली. कल्लाप्पा तळपाय चोळत होता, जयवंता गालावर चापट्या मारत होती, आणि चापट्यांबरोबर तिचे शब्दही मोकळे झाले. "ऊठ रं. माझ्याच जिभंला हाड न्हाय. ऊठ, मी आता काय बोलत न्हाय तुला."

भरमूच्या पोटात काहीतरी हललं. एक खोकला आला. मग दुसरा. मग तो तांबडं फुटावं तसा हळूहळू रंगावर आला आणि डोळे उघडून म्हणाला, "कोण मारतंय रं मला?"

खळं खदखदून हसलं. हसता हसता बायका रडल्या. कुणीतरी हलगी आणायला पळालं. परशराम ओरडून सांगू लागला, "पेवातल्या बाईपेक्षा आमची बाई भारी निघाली." म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. जयवंता मात्र सुपानं वारा घालतच होती. शेवटी भरमू म्हणाला, "पुरं की गं, पडसं हुईल," तरी तिनं सूप खाली ठेवलं नाही.

कल्लाप्पा राजाबाईजवळ येऊन उकिडवा बसला. आजवर गावच्या कुठल्याच पुरुषानं तिला 'दळण कधी मिळंल' याशिवाय काही विचारलं नव्हतं. "आक्का," तो म्हणाला, "आता पेवाचं काय करायचं? तुमी सांगा."

राजाबाईनं पदर डोक्यावर घेतला. "हुगडंच ऱ्हाऊ दे. वारं फिरू दे आत. सांजच्याला दिवा सोडून बघू. रॉकेल न्हाय तर करंजीचं तेल घालू. तवर कुणी पाय घालायचा न्हाय."

"आन् पोरं पडली तर?"

"मी हाय की."

पेवाची फरशी बाजूला पडली होती. राजाबाई सोललेल्या खांद्यांनिशी तिच्यावर जाऊन बसली, पेवाकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून. हलगी आली, वाजली, भरमूला खांद्यावर घेऊन माणसं घराकडे वळली. जाता जाता थोरली-थोरली माणसं तिच्यासमोर क्षणभर थांबत होती आणि टोपी सारखी करून पुढं होत होती. कुणीतरी गुळाचं पाणी आणून दिलं. ते तिनं बसल्या जागीच घेतलं, आणि तांब्या खाली ठेवून पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवले.