कापलेले सात ‘कदाचित’

माझ्या लेखातले सातच्या सात ‘कदाचित’ कुणीतरी कापले होते. एखाददुसरा गेला असता तर मी समजून घेतलं असतं, असं अजिबात नाही. पण निदान छापखान्यात शिरून ओरडले तरी नसते.

आमच्या भागात एक साप्ताहिक निघतं. माझी आत्या गेली सोळा वर्षं त्याची पानं लावते, म्हणजे कॉम्प्युटरवर बातम्या, मथळे, जाहिराती सगळं पानात नीट बसवते. मी जेवताना विश्वाबद्दल बोलायला लागले की घरातले सगळे ताटाकडे बघतात. आत्याच एकदा वैतागून संपादककाकांना म्हणाली, "आमच्या पोरीला लिहू द्या एकदा, म्हणजे आम्ही सुखानं जेवू." ते म्हणाले, "साडेचारशे शब्द. शाळेतल्या मुलीला कळलेलं असलं तर वाचकांनाही कळेल." मी चार वेळा लिहून काढलं. मोजून साडेचारशे शब्द.

आज पाच वाजता पान प्लेटला जायचं होतं, म्हणजे छपाईच्या पत्र्यावर उतरायचं होतं. एकदा प्लेट झाली की संपलं, मग मशीन सुरू. शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट छापखान्यात धावत आले तेव्हा चार वाजले होते. पान चारचं प्रूफ टेबलावर पडलं होतं. माझा मथळा होता, ‘विश्वाला ढकलणारा दमतोय का?’ छापला होता, ‘विश्वाला ढकलणारा दमला!’

उद्गारचिन्ह! प्रश्नचिन्हाच्या जागी उद्गारचिन्ह!

माझा लेख काय होता ते सांगते. चेंडू वर फेकला की तो हळू होत जातो. विश्वाचंही तसंच असेल, ते पसरतंय पण हळू होत जात असेल, असं सगळ्यांना वाटायचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी कळलं की उलटंच आहे. हा चेंडू वर जाता जाता वेग वाढवत निघालाय. त्याला कोण ढकलतंय ते कुणाला माहीत नाही, म्हणून नाव ठेवलं डार्क एनर्जी. नाव ठेवलं म्हणजे कळलं असं नाही. तिचा जोर कायम सारखाच असतो असं सगळे धरून चालले होते. आता एका मोठ्या दुर्बिणीनं लाखो दीर्घिकांचा नकाशा केला, आणि त्यात असं दिसतंय की तो जोर काळाबरोबर कदाचित कमी होत असावा.

कदाचित! सगळा लेख त्या एका शब्दावर उभा होता. कारण भौतिकशास्त्रज्ञांची एक अट असते. जे दिसलं ते निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एकाहून कमी झाली, तरच ते ‘शोध लागला’ म्हणतात. इथे अजून ती अट पुरी झालेली नाही. ते स्वतःच तसं सांगतात. हे सांगणारा माझा अख्खा परिच्छेद प्रूफात नव्हता. उरलेल्या लेखात डार्क एनर्जी धडधडीत कमी होत होती, आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

मी तशीच संपादककाकांच्या केबिनमध्ये शिरले. छापखान्यात सगळे त्यांच्या माघारी त्यांना लालपेन म्हणतात.

"तुम्ही माझ्या लेखाचं काय केलंत?"

"आधी दप्तर खाली ठेव. वाकलीयेस."

"ठेवणार नाही! सात कदाचित होते. सातही गेले!"

त्यांनी चष्मा वर केला, खणातून माझी मूळ प्रत काढली आणि समोर ठेवली. लाल शाईच्या खुणा होत्या तीन. एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक, आणि पाच वेळा ‘अद्भुत’ लिहिलं होतं त्यातले दोन उडवलेले.

"मी कापतो तेव्हा खुणा दिसतात," ते म्हणाले. "कदाचितला मी हात लावलेला नाही. मथळाही तुझाच पाठवला होता."

"मग कुणी?"

"मी," मागून आत्याचा आवाज आला. केबिनबाहेर कॉम्प्युटरसमोर बसून, खुर्ची न वळवता तिनं सांगितलं. "ओळी वाढल्या होत्या. बारा. ओळी वाढल्या की पोकळ शब्द आधी काढायचे. बहुधा, साधारण, कदाचित, असं म्हणतात की. सोळा वर्षं काढतेय, आजवर एकाही वाचकाची तक्रार नाही."

"पोकळ? आत्या, तेवढेच भरीव होते!"

"आणि तो पस्तीस लाखांचा परिच्छेद नुसताच आकड्यांचा होता. मथळा दोन ओळींत जात होता, तो एका ओळीत बसवला."

"खोटा करून बसवलास!"

दारात मशीनवाले काका हात पुसत उभे होते. "पोरी, पहिल्या पानावर पाहुणे बहुधा येणार असं असतं ना, तेसुद्धा हिच्या हाताखालून गेलं की येणारच असं होतं. मग पाहुणे येत नाहीत आणि शिव्या मला."

"पण ओळी वाढल्याच कशा?" मी विचारलं. "साडेचारशे सांगितले होते. मी साडेचारशेच दिले."

 मशीनवाले काका आत्याकडे बघत गालात हसले. "फोटो," ते म्हणाले.

मी प्रूफ पुन्हा पाहिलं. संतापाच्या भरात मी फक्त शब्द वाचले होते. उजव्या कोपऱ्यात मी होते. निळा ड्रेस, केस मोकळे, मान किंचित तिरकी. आत्यानंच काढलेला फोटो. आणि खरं सांगायचं तर मी त्यात फार छान दिसत होते. एक क्षणभर मला वाटलं, राहू दे. आणि असं वाटलं याचाच मला इतका राग आला की कान तापले.

"पावणेपाच होतायत," संपादककाका म्हणाले. "मथळ्याला प्रश्नचिन्ह लावू या, बाकी राहू दे. पुढच्या अंकात खुलासा टाकू, दोन ओळींचा."

"खुलासा कुणी वाचतं का, काका? उद्या नवी मोजमापं आली आणि जोर सारखाच निघाला, तर लोक म्हणतील शास्त्रज्ञ थापा मारतात. त्यांनी नाही मारली! त्यांनी सांगितलं होतं की अजून खात्री नाही. थाप मी मारली, हे बघा, खाली नाव आहे माझं! फोटो काढून टाका. बारा ओळी मिळतात."

"फोटो येणार म्हणून सगळ्यांना सांगून झालंय," आत्या म्हणाली. "शेजारच्या काकूंनी तीन अंक सांगितलेत."

"मग लेख काढ आणि नुसता फोटोच छाप! काकूंना तेवढंच हवंय!"

आता तिनं खुर्ची वळवली. "सोळा वर्षं या साप्ताहिकाचं प्रत्येक पान मी लावलंय. माझं नाव एकदाही कुठं आलेलं नाही, येतही नसतं. म्हटलं, घरातलं कुणीतरी पानावर दिसू दे. त्यात एवढं काय चुकलं गं?"

 रडू येत होतं आणि राग काही जात नव्हता, दोन्ही एकाच वेळी. शेवटी म्हटलं, "काही चुकलं नाही. तरीपण काढ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोटोवर क्लिक केलं आणि तो गेला. पांढरी चौकट उरली. मी शेजारी स्टूल ओढायला गेले तर म्हणाली, "मला येतं." तो परिच्छेद तिनं परत आणला, आणि मूळ प्रत मांडीवर घेऊन एकेक कदाचित स्वतः टाइप करत गेली. चौथ्यापाशी थांबली.

"पस्तीस लाखांत एक? एवढ्या खात्रीपर्यंत थांबतात हे लोक? कंटाळत नाहीत?"

"थांबतात. पूर्वी कधी घाईत फसलेत, म्हणून."

"आपल्याकडे ही अट लावली तर अंक कोरा निघेल."

मशीनवाले काका एवढ्या मोठ्यानं हसले की संपादककाका केबिनमधून ओरडले, "ऐकू येतंय मला!"

मथळा पुन्हा दोन ओळींत आला आणि खाली एक ओळ जास्त झाली. पाच वाजायला चार मिनिटं.

"एक ओळ काढ कुठली तरी," आत्या म्हणाली. "तूच सांग. मी आता एका शब्दाला हात लावणार नाही."

मी भराभर वाचलं. पस्तीस लाख राहायलाच हवेत. चेंडू राहायला हवा. सुरुवातीला मी लिहिलं होतं, ‘मी अवघी नववीत असले तरी या विषयावर माझा गाढा अभ्यास आहे.’ हे वाक्य मी चारही वेळा तसंच ठेवलं होतं. मला ते फार आवडायचं.

"पहिलं वाक्य," मी म्हटलं.

"नक्की?"

"काढ म्हटलं ना!"

तिनं काढलं. संपादककाकांनी उभ्यानंच सही केली आणि मशीनवाले काका प्लेट करायला पळाले.  मशीन सुरू झाल्यावर आत्या आत गेली, ओलसर शाईचा पहिला अंक उचलला, पान चार उघडलं आणि तिथंच उभी राहून माझा लेख शेवटपर्यंत वाचला.