बहात्तर सालची

खिदिरपूरचा तबेलेवाला म्हशी बघायला आला, तेव्हा कमलच्या हातात दुधाची बादली होती. तिनं ती तशीच भुईवर आदळली. निम्मं दूध सांडलं, त्याचीही तिनं पर्वा केली नाही.

"ह्या म्हशी इकायच्या न्हाईत," ती म्हणाली.

"तू गप बस गं," श्यामराव म्हणाला. "तुला इचारून न्हाई बोलावलेला त्येला."

तबेलेवाल्याला मराठी कळत नव्हती, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही मुलखात कळतं. तो आपला खाली बसून म्हशीची कास चाचपत राहिला, शेपटी उचलून बघत राहिला.

श्यामराव मूळचा सातारकडचा. पलटणीबरोबर बराकपूरला आला आणि नाईक म्हणून सुटल्यावर इथंच राहिला. गावाकडं भावांनी वाटून खाल्लेलं माळरान, त्यात कुसळं उगवायची. इथं छावणीच्या मागं गंगेच्या कडेला एका बंगाली मालकाची पट्टी त्यानं खंडानं धरली. काळी, चिकट, गाळाची माती. काडी खोचली तरी फुटायची. पडवळ, कारली, लाल भोपळा, हिवाळ्यात फुलकोबी. पण नदीला वाटलं की ती पावसाळ्यात आपली माती परत मागून न्यायची. म्हणून मग दोन म्हशी. दूध छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर जायचं, आणि घर खरं तर त्या दुधावरच उभं होतं.

"अवं, ह्या गेल्या तर खायाचं काय?" कमल म्हणाली.

"पेन्शन हाय. पडवळ हाय."

"पेन्शनीत मीठ-मिरची हुती. आन् पडवळ काय, नदी ठिवंल तवर."

"तीन वर्सं कळ काढ. तीनच वर्सं." श्यामरावचा आवाज एकदम मऊ झाला. "मी उभ्या जल्मात निस्तं सॅलूट ठोकलं, कमल. माझ्या पोरीनं कुणाला ठोकायचा न्हाई. तिनं सायबाच्या पोरींच्या मांडीला मांडी लावून बसायचं."

पोरगी म्हणजे शकुन. साल होतं अडुसष्ट, आणि शकुन अकरावीला पहिल्या वर्गात पास झाली होती. दूध घेणाऱ्या मेजरसाहेबांच्या बायकोनं, सुहासिनीबाईंनी, स्वतः अर्ज लिहून तिला कलकत्त्याच्या मिशनच्या कॉलेजात जागा मिळवून दिली होती. मोठमोठ्यांच्या पोरींचं खाजगी कॉलेज. जागा दिल्याचं जाड कागदाचं पत्र आलं, तर ते श्यामरावनं छावणीभर फिरवलं. न्हाव्याला दाखवलं, स्टेशनातल्या चहावाल्याला दाखवलं. फी आणि वसतिगृहाचा आकडा मात्र त्यानं कुणाला वाचू दिला नाही, त्यावर अंगठा ठेवूनच तो कागद पुढं धरायचा.

तबेलेवाला उठला. "दोनो ले जाऊंगा," म्हणाला.

तेवढ्यात शकुन स्टेशनाकडून आली. घामानं डवरलेली, पातळाच्या काठाला चिखल. तिनं म्हशींकडं बघितलं, त्या माणसाकडं बघितलं आणि ओळखलं.

"आबा, म्हशी विकू नका. मी नाव घालून आले."

"कुटं?"

"नदीच्या वरच्या अंगाच्या सरकारी विद्यापीठात. वनस्पतीशास्त्र घेतलंय. गाडीनं तासभर लागतो. पास काढला की झालं. फी सरकारी आहे, थोडकी."

"आन् मिशनचं पत्र?"

"त्यांना नाही म्हणून कळवलं."

'फी', 'सरकारी' हे शब्द ऐकून तबेलेवाला काय समजायचं ते समजला. जाता जाता शकुनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेटी समझदार है. बाप का बोझ उतार दिया."

झालं. तेच वाक्य श्यामरावच्या काळजात जाऊन बसलं. पोर स्वस्तात शिकणार ह्याचं त्याला दुःख नव्हतं. आपल्याला झेपणार नाही हे पोरीनं ओळखलं, आणि ते परक्या माणसापुढं उघडं पडलं, ह्याचं होतं. त्यानं हात उगारला नाही, ओरडला नाही. बायकोकडं तोंड करून एवढंच म्हणाला, "तुझ्या पोरीला सांग. हितनं म्होरं माझ्याशी बोलू नगं म्हणावं."

सुहासिनीबाईंनीही तिला बोलावून घेतलं. "शकुन, फार मोठी चूक केलीस. तुझ्यात हुशारी आहे, पण जगात नुसती हुशारी कोणी बघत नाही. कुठून शिकलीस हे बघतात. नोकरीच्या वेळी माझी आठवण येईल."

"येईल, बाई," शकुन म्हणाली. "पण म्हशी विकून गेले असते, तर वर्गात बसल्या जागी मला रोज आईच दिसली असती. डोक्यावर घमेलं, आणि दुसऱ्याच्या रानात."

पुढच्याच वर्षी मेजरसाहेबांची बदली झाली.

घरात दोघांचं बोलणं बंद ते बंदच. एकाच वाफ्यात दोघं भांगलायची, एकाच पाटीला दोन्हीकडून हात लावायची, पण शब्द नाही. "तुझ्या पोरीला म्हणावं जेव." "आबांना सांग, कारल्याची पानं पिवळी पडलीत, मुळाशी राख टाका." मधे कमल. ती दोन्हीकडचे निरोप वाहून वाहून थकली. पण कारल्याला राख पडायची. सकाळी कमल बघायची, तर प्रत्येक वेलाच्या बुडाशी नीट आळं केलेलं असायचं.

पहिली दोन वर्षं विद्यापीठ बरं चाललं. मग सत्तर साल उजाडलं आणि कुणाचंच काही बरं चालेना. भिंती क्रांतीच्या घोषणांनी भरल्या. आज ह्या स्टेशनात बॉम्ब, उद्या त्या गल्लीत मुडदा. वर्ग बंद पडले ते महिनोन्महिने. शकुन गोठ्यात पोत्यावर बसून वह्या वाचायची. एकाहत्तरच्या पावसाळ्यात नदी जी आत शिरली, ती दोन महिने पट्टीवरून हललीच नाही. वेल, मांडव, खत, सगळं धुपून गेलं. म्हशी छावणीच्या उंचवट्यावर नेऊन बांधल्या आणि त्यांच्या दुधावर तिघांनी ते दिवस काढले. म्हशी नसत्या तर काय, हे कुणी बोललं नाही.

त्या साली व्हायची परीक्षा पुढं ढकलली. पुन्हा ढकलली. झाली ती एकदाची बहात्तरच्या उन्हाळ्यात.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी शकुन घराबाहेर पडली, तर मागं दहा पावलांवर श्यामराव. हातात काठी. ती थांबली की तो थांबायचा. गाडीत ती बायकांच्या डब्यात चढली, तो शेजारच्या डब्यात. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर एका शिरीषाखाली तो उकिडवा बसला.

तिथं त्यानं जे बघितलं, ते पलटणीतसुद्धा बघितलं नव्हतं. पोरं कंपाउंडावर चढून दगडाला चिठ्ठ्या बांधून खिडकीतून आत टाकत होती. कुणीतरी बाहेर उभं राहून पुस्तकातली उत्तरं मोठ्यानं वाचत होतं. श्यामराव उठून कुंपणापाशी गेला. खिडकीतून आतला बाक दिसत होता आणि बाकाच्या फळीत सुरा रोवलेला होता. देखरेखीचा मास्तर भिंतीकडं तोंड करून बसला होता. एक पोरगा शकुनच्या अंगावर वाकून काही बोलत होता. श्यामरावची काठीवरची मूठ आवळली.

शकुन उठली. पेपर, उत्तराची वही, दौत घेऊन ती बाहेर व्हरांड्यात आली. पाण्याच्या माठाशेजारी भुईवर मांडी घातली, वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागली. आत गोंगाट, डोक्यावरून चिठ्ठ्या उडताहेत. दोन दगड तिच्या पायाशी येऊन पडले. तिनं ते बाजूला सारले. उलगडून बघितले नाहीत. एकदा मान वर केली, तेव्हा कुंपणापलीकडं बाप दिसला. तिनं परत मान खाली घातली.

त्या दिवशी घरी आल्यावर श्यामराव कमलला म्हणाला, "तुझ्या पोरीनं भुईवर बसून लिवलं." मग न जेवताच आडवा झाला.

निकाल लागायला त्र्याहत्तर उजाडलं. शकुन दुसऱ्या वर्गात पास झाली. तिनं अर्ज टाकायला सुरुवात केली. बँका, शाळा, प्रयोगशाळा. बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. शेवटी एक बोलावणं आलं, बालीगंजच्या एका बियाणं कंपनीचं. बी उगवतं का ते तपासायचं काम. शकुननं ते लहानपणापासून केलेलं.

श्यामराव पेटी उघडून पलटणीचा कोट काढून बसला. बिल्ले घासले. "तुझ्या पोरीला म्हणावं, कलकत्ता एकटीनं जायाची जागा न्हाई."

कंपनीच्या बोळकांडीत त्याला स्टुलावर बसवलं. साहेबाच्या खोलीला अर्धं दार होतं, आतलं सगळं ऐकू यायचं. साहेबानं बियांबद्दल विचारलं. शकुननं धडाधड सांगितलं. साहेब खूश झाल्यासारखा वाटला. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"बहात्तर," साहेब म्हणाला.

"हो सर."

"आणि सरकारी." तो हिंदीतच बोलत होता, हळू, दमल्यासारखा. "मिस, तुमच्याशी माझं वैर नाही. पण ह्या सालची परीक्षा कशी झाली हे सगळ्या बंगालला माहीत आहे. तिथला ह्या सालचा कागद आम्ही धरत नाही."

"मी स्वतः लिहिलंय, सर."

"सगळे तेच सांगतात."

श्यामराव अर्धं दार ढकलून आत गेला. टेबलापुढं सावधानमध्ये उभा राहिला.

"साब, लडकीने खुद लिखा है. मैंने देखा. जमीन पे बैठ के लिखा है."

"आप कौन?"

"बाप."

साहेब खिन्नपणे हसला. "बाप की गवाही कौन मानेगा, बाबा?"

"तो अभी बिठाओ. अभी इम्तहान लो. यहीं."

साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. "बाहर बीस लोग बैठे हैं. किस किस का इम्तहान लूं? मिशन के कॉलेज की होती तो मैं पूछता भी नहीं." मग त्यानं शिपायाला दोघांना चहा द्यायला सांगितलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

चहा न घेताच दोघं निघाली. बालीगंज स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसली. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी. ऊन मी म्हणत होतं. कोटाखाली श्यामरावची पाठ भिजून गेली होती, पण तो कोट काढेना.

"कोट काढा, आबा. चक्कर येईल."

त्यानं कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला.

"एक विचारू?" शकुन म्हणाली. "तेव्हा म्हशी विकल्या असत्या, तर बरं झालं असतं का?"

ती आईला विचारत नव्हती. मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं. श्यामराव रुळांकडं बघत राहिला. गोड बोलून वेळ मारून न्यावी असं त्याला वाटलं. पण पाच वर्षांनी तोंड उघडायचं, ते खोट्यासाठी उघडवेना.

"तुझं बरं झालं आस्तं, शकू," तो म्हणाला. "आमी दोगं एकाहत्तरच्या पान्यात मेलो आस्तो."

शकुननं पदर तोंडाला लावला. स्टेशनभर माणसं बघत होती, पण तिला रडू आवरेना. श्यामरावनं मधली जागा सोडली आणि तो तिच्याजवळ सरकला. बोलायची सवयच मोडली होती. "भूक लागली आसंल," तो म्हणाला. "चल, काय तरी खाऊ."

त्यानंतरही अर्ज गेले. दीड वर्षभर जात राहिले. दोन ठिकाणी तोंडावर नाही म्हणाले, बाकीच्यांनी तसदी घेतली नाही. शकुन पट्टीवर राबत राहिली. उन्हानं तिचे हात आईच्या हातासारखे झाले.

चौऱ्याहत्तरच्या अखेरीला जूट गिरणीच्या मजुरांच्या वस्तीत एक हिंदी शाळा मास्तर शोधत होती. पत्र्याची खोली, शेजारून गटार, तागाचा धुरळा दिवसभर नाकात. आधीचे दोन मास्तर महिन्याभरात पळाले होते. पगार सांगायची लाज वाटावी इतका. शकुननं कागद पुढं केला, तर हेडमास्तरानं तो उघडूनही बघितला नाही. "कल से आ सकती हो?" एवढंच विचारलं.

पहिल्या दिवशी श्यामराव तिला सोडायला गेला. आता दहा पावलं मागं नाही, बरोबरीनं. शाळेच्या दारात पाळी सुटलेले मजूर पोरांना घेऊन उभे होते. एकानं विचारलं, नवीन बाई कोण?

"मेरी लडकी," श्यामराव म्हणाला. "बी.एस्सी. है. सन बहात्तर."

"आबा, साल कशाला सांगता?" शकुन हळूच म्हणाली.

"का? सांगनार." त्यानं आवाज आणखी चढवला, वस्तीच्या शेवटच्या झोपडीपर्यंत जावा तसा. "सन बहात्तर!"

मजुरांना त्यातलं काहीच कळलं नाही. एकीनं आपल्या पोरीचं नाक पुसलं आणि तिला आत ढकललं.