शुक्रवारचं सारवण

मुडबीत नागम्मा दर शुक्रवारी अंगण सारवायची आणि घरूनच काम करणाऱ्या तिच्या सुनेची, मल्लेश्वरीची, बीदरातली कंपनी दर शुक्रवारी आपला सर्व्हर धुऊन काढायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नागम्मानं विचारलं होतं, "मग शेण कुठलं आणतेत गं ते?" मल्लेश्वरी त्यावर आठवडाभर हसत होती.

ह्या शुक्रवारी मात्र तिला हसू येत नव्हतं.

पावणेअकराला आळंदहून ज्योतीचा फोन आला. मल्लेश्वरीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून अकरा लहान लॅबचे रक्ताचे रिपोर्ट छापून निघायचे. ज्योती त्यातल्याच एकीत रक्त तपासायची.

"अक्का, मशीन हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन म्हणायलंय अन् कागद नॉर्मल म्हणायलाय. बाई सात महिन्यांची हाय. ओठ पांढरेफटक. मी कुणाचं ऐकू?"

"ओठांचं ऐक. तो कागद देऊ नको. मशीनचा आकडा हातानं लिही अन् डॉक्टरांना दाव."

उरलेल्या दहा लॅबना तिनं तोच निरोप धाडला: मी सांगेपर्यंत छापलेला कागद कुणाच्या हातात देऊ नका. मग मर्यादांची फाईल उघडून पाहिली. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की कागदावर 'कमी' उमटायला पाहिजे. मूळ फाईलमध्ये अकराच होतं. स्वच्छ, ठसठशीत अकरा. आणि कागद तर नॉर्मल म्हणत होता.

तिनं कंपनीतल्या आपल्या साहेबांना, अनिलकुमार सरांना फोन लावला.

"फाईलला कुणी हात लावलेला न्हाई," सर म्हणाले. "राखणदार हिरवा आहे." राखणदार म्हणजे प्रत्येक फाईलवर डोळा ठेवणारा प्रोग्राम, एक अक्षर हललं तरी बोंब मारायचा. "मग सोमवारी नवी फाईल सर्व्हरवर पाठवली, त्यातच चूक झाली असणार. ती तुमची. लेकरू मांडीवर घेऊन काम करता, व्हतंय कधी कधी. 'चूक माझी' म्हणून दोन ओळींचा मेल टाका. दोनला नेहमीची धुलाई आहे, सगळं नव्यानं उघडू. विषय संपला."

"आणि ज्या बायांना चुकीचा कागद गेला, त्या?"

"त्या आता कुठं हुडकायच्या, मॅडम?"

फोन ठेवला तरी मांडीवरचं लेकरू तिच्या कानातून जाईना. मांडीवरचं लेकरू! ह्याच मांडीवर भुवीला झोपवून तिनं सोमवारी ती फाईल तीनदा तपासली होती. एका हातानं थोपटत, एका हातानं ओळी सरकवत.

"आगं आगं आगं! ओल्यात कुठं निघालीस, महाराणी!"

अंगणातून नागम्मा ओरडली. दोन वर्षांची भुवी नुकत्याच सारवलेल्या अंगणातून दुडदुडत आली होती. मागं हिरव्या ओल्या शेणात चार पावलं, एकेक बोट मोजून घ्यावं अशी. मल्लेश्वरीनं तिला उचललं, तळवे पदरानं पुसले आणि पुसता पुसता एका तळव्याचा पापाही घेतला, शेणासकट.

"ऱ्हाऊ दे, वरून हात फिरवते," नागम्मानं बादलीत हात घातला. "आमच्या शेळीच्या वेळंला असंच झालं बघ. चोर अंगणातून शेळी घेऊन गेला. मी आधी सारवलं अन् मग बोंबलले! शुक्रवार होता न्हवं का, हात थांबतोय व्हय? पोलीस आले तर अंगण आरशासारखं. मामंजी म्हणाले, चोराची धुणीभांडी बी करून ये."

मल्लेश्वरी हसली नाही. ती त्या पावलांकडं बघत राहिली. पाऊल सारवणात उमटलं होतं. खालची जमीन जुनी, टणक, जशीच्या तशी. कुणी नुसती जमीनच तपासत बसला, तर तो शपथेवर सांगेल की इथून कुणी गेलंच नाही.

"आत्याबाई, थांबा! पुसू नका."

ती लॅपटॉपपाशी धावली. त्यांचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालायचं, आणि कंटेनर म्हणजे थरावर थर. खालचा थर पक्का, त्याला कुणी हात लावत नाही. आत बसून कुणी फाईल बदलली की तिची एक नक्कल वरच्या पातळ थरात येते आणि बदल त्या नकलेत होतो. सॉफ्टवेअर ती वरची नक्कल वाचतं. राखणदार बाहेरून खालचीच फाईल बघत बसतो. मघाशी तिनं स्वतःही तीच बघितली होती. हिरवा दिवा खोटा बोलत नव्हता. तो भलत्याच जागी बघत होता.

आणि शुक्रवारची धुलाई म्हणजे नुसतं बंद-चालू नव्हे. जुना कंटेनर वरच्या थरासकट फेकून द्यायचा आणि कोरा उघडायचा. त्या थरात आठवडाभर छापलेल्या कागदांच्या प्रती पडून होत्या. दुसऱ्या कुठं त्यांची नक्कल नव्हती.

हे सगळं उमगेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं आधी दोनची धुलाई थांबवली. मग वरचा थर उचलून आपल्याकडं उतरवून घेतला आणि उघडला. मर्यादांची फाईल तिथं होतीच. अकराच्या जागी सात. बदल बुधवारी सकाळी अकरा वीसला, 'डेमो' नावाच्या लॉगिननं.

ते लॉगिन एकच माणूस वापरायचा. बुधवारी सरांकडं नवं गिऱ्हाईक आलं होतं. बघा, मर्यादा किती सहज बदलता येतात, असं त्याला दाखवलं असणार आणि परत अकरा करायचं राहून गेलं असणार. शुक्रवारी सगळं धुऊन निघतं, ह्या भरवशावर.

दोनला दहा कमी असताना फोन वाजला.

"धुलाई कुणी बंद केली?"

"मी केली, सर."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाई. विचारलं असतं तर दोन वाजले असते." तिनं समोरची ओळ वाचून दाखवली. "बुधवारी अकरा वीसला डेमोच्या लॉगिननं अकराचे सात केलेत. प्रत माझ्याकडं आहे. तुम्हालाही मेल केलीय, सगळ्या लॅबनाही."

सरांनी आवाज खाली आणला.

"मॅडम... ते डेमोचं तेवढं मेलमधून..."

"तुमचं नाव कुठंच लिहिलं न्हाई मी. वेळ लिहिलीय अन् लॉगिन लिहिलंय. ते पुसायचं न्हाई."

"अन् सोमवारची चूक?"

"सोमवारी चूक झालीच न्हाई, तर मेल कशाचा टाकू? आणि सर, लेकरू अजून मांडीवरच आहे. एवढं सगळं तिला घेऊनच हुडकलंय."

सरांनी घसा खाकरला. "मग आता?"

"मी फाईल अकरावर आणलीय. राखणदाराला वरचा थर बघायला शिकवायचं काम सोमवारी तुम्ही अन् मी बसून करू. आज बायांचे फोन. बुधवारपासूनच्या कागदांतून एकतीस जणी निघाल्यात. सोळा मी करते, पंधरा तुम्ही करा."

"मी?"

"कन्नड तुमचं माझ्याहून चांगलं आहे, सर. यादी पाठवलीय."

तिनं उत्तराची वाट न बघता फोन ठेवला आणि यादीतला पहिला नंबर लावला. कडगंचीची कुणी मल्लव्वा, आठवा महिना, आठ पॉइंट सहा. घंटी वाजत राहिली. भुवी खांद्यावर पेंगत होती. अंगणात नागम्मानं बादली भिंतीला टेकवून ठेवली होती आणि शिरा असलेल्या हातानं ती कोंबड्यांना त्या चार पावलांपासून हाकलत होती.

"हॅलो?" पलीकडून बाईचा आवाज आला.

"मल्लव्वाक्का, मी रिपोर्टवाल्यांकडनं बोलायलेय. तुम्हाला नॉर्मल म्हणून कागद दिला न्हवं? तो खोटा हाय. चूक आमची. घाबरू नका, पण आजच डॉक्टरकडं जावा. जाताना कुणाला सोबत न्याल?"