बेटावरच्या मेंढ्या

संध्याकाळी वादळ येणार होतं आणि गुनवोरच्या सात मेंढ्या समोरच्या सखल बेटावर अडकल्या होत्या. दोरी ओढून ओढून तिचा खांदा भरून आला, तरी बोटीचं इंजिन काही सुरू होईना.

"वहिनी, भंगारात द्या ते," शेजारचा आस्लाक धक्क्यावरून म्हणाला.

तिनं प्लग काढून पाहिला. तो कोरडा ठणठणीत होता, म्हणजे पेट्रोल आत पोचतच नव्हतं. कार्बोरेटर उघडला तर हिवाळाभर साचलेल्या पेट्रोलचा चिकटा दिसला. तिनं तारेनं बारीक भोक मोकळं करून जोरात फुंकर मारली.

"फुंकून चूल पेटते, वहिनी!"

सगळं जोडून तिनं दोरीला हिसडा दिला. तिसऱ्या हिसड्याला इंजिन धडधडलं.

"बघताय काय भाऊजी? उतरा, मेंढ्या धरायच्यात!"

आस्लाक बोटीत उतरला. पावसाआधी दोघांनी दोन खेपांत सगळ्या मेंढ्या घरी आणल्या.