डॉलीचं आभाराचं भाषण

रविवारची भर दुपार, पण सांता मोनिका बुलेवार्डवरच्या त्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे डॉली. जांभळा कोट, लाल टोप, गळ्यात खोटे मोती. बायका तशाच, बापेही तसेच. ग्वेनच्या थोरल्या बहिणीने, कोरिनने, टीव्हीवरच्या मालिकेत रंगवलेल्या डॉलीचं सोंग घेऊन सगळे आले होते. त्यांचं ग्वेनला काही वाटत नव्हतं. बिचाऱ्यांनी मालिका मनापासून पाठ केली होती. तिला शिसारी यायची ती ट्रेंटची.

‘डॉली मजेत आहे’ पहिल्यांदा लागली तेव्हा तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. उतरती कळा लागलेली नटी प्रसिद्धीच्या हावेपोटी स्वतःच्या घरात कॅमेरे घेते आणि गावभर हसं करून घेते, अशी गोष्ट. चॅनेलने वर्षाच्या आत तिचा गाशा गुंडाळला. आता इतक्या वर्षांनी त्याच लोकांनी ती डोक्यावर घेतली होती. ते हसायचे डॉलीच्या फजितीला. ग्वेनला आवडायचा तो फजितीनंतरचा क्षण. डॉली कोटाची बाही सारखी करते, हसते, आणि बघणाऱ्याचं हसू अर्ध्यावरच राहतं. येरागबाळ्याचं काम नव्हे ते. पण हे कोरिनला तोंडावर सांगायचं कधी जमलं नाही. त्यांच्या घरात कौतुकाची रीतच नव्हती.

आणि आता हा ट्रेंट, रिअ‍ॅलिटी शो काढणारा. कोरिनच्या खऱ्या घरात खरे कॅमेरे लावून बसलेला, आणि आज ते बारमध्येही घेऊन आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, “आम्ही सगळे तुमची मालिका बघूनच हा धंदा शिकलो.” कोरिनने ज्या धंद्याची सालटी काढली, त्याच धंद्याचं हे कार्टं. बाटलीवर विष लिहिलेलं असताना या मेल्यांनी सरबत म्हणून ढोसलं होतं.

त्यात कोरिनचं विसरणं. वसंतात डॉक्टरांनी निदान सांगितलं, तेव्हा बाहेर गाडीत बसल्यावर कोरिनने ग्वेनचा हात घट्ट धरला होता. “कुणाला कळता कामा नये. लोक मला हसू देत, जन्मभर हसू देत. पण कीव केली ना, तर मी त्याच दिवशी मेले. शपथ घे.” ग्वेनने घेतली.

कोरिन मंचावर चढली. आता डॉलीचं ते गाजलेलं भाषण व्हायचं होतं: बक्षीस हुकलेली डॉली गाड्या लावणाऱ्या पोऱ्यालाच धरून सगळ्यांचे आभार मानते, ते.

“मी आधी माझ्या एजंटचे आभार मानते,” कोरिन म्हणाली, “ज्याने माझा फोन उचलला नाही.” सगळा बार तिच्याबरोबर बोलत होता. “मग माझ्या नवऱ्याचे…”

ती थांबली. लोकही थांबले. कोरिनने समोरच्या सगळ्या जांभळ्या कोटांवरून नजर फिरवली.

“ग्वेन,” ती हळूच म्हणाली, “या सगळ्यांनी माझे कपडे का घातलेत गं?”

हशाने छप्पर उडायचं बाकी राहिलं.

“मला घरी जायचंय. आई जेवायची थांबली असेल.”

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. लोक टेबलं बडवत होते, डोळे पुसत होते. एक पोरगी शेजारणीला म्हणाली, “अगं, बघ ना, काय खरं करते ही.” कोरिनच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती, आणि ती इतक्या माणसांपैकी एकालाही दिसू नये? मालिका शब्दन् शब्द पाठ, आणि समोरची बाई वाचता येत नाही.

ग्वेन उठली. त्याबरोबर ट्रेंटने एक कॅमेरा तिच्याकडे वळवला. आता जाऊन बहिणीचा हात धरला असता, तर सगळ्यांना सगळं कळलं असतं. उद्या हीच माणसं हळहळत फुलं घेऊन दारात आली असती.

ग्वेनने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांत मोठ्याने, दात काढून. “वा, कोरिन,” ती ओरडली. “आता वाकून नमस्कार कर.”

नमस्कार कोरिनच्या अंगात मुरलेला होता. ती वाकली, आणि बार उभा राहिला. ग्वेनला स्वतःच्या हातांची किळस आली, तरी ती वाजवत राहिली.

गर्दीतून वाट काढत ट्रेंट दोघींपाशी आला. “ते आईचं काय सुचलं तुम्हाला, कोरिन. कमाल. दर भागाच्या शेवटी तेच ठेवू या. कराल ना?”

“करीन की,” कोरिन खुशीत म्हणाली. मग ग्वेनच्या कानाशी लागली. “आईचं कुठलं गं?”

ट्रेंटला ते ऐकू गेलं. तो हसून हसून लाल झाला. “बघा, थांबतच नाहीत या. ग्वेन, ते आईचं तेवढं त्यांच्याकडून पाठ करून घ्या तुम्ही.”

ग्वेन बरं म्हणाली.