चार रात्रींचे सामान

मित्रांनो, पाण्यावरच्या चार रात्रींना किती कपडे लागतात, हे कुणाला विचारायचे असेल तर मला विचारा. मी एक जुनी चामडी बॅग आहे. विमानाने, आगगाडीने, टांग्याने आणि हमालांच्या डोक्यावरून मी चिक्कार हिंडले. बोटीतून मात्र एकदाच गेले, आणि ती खेप माझ्या अंगावर अजून दिसते. डावे कुलूप जरा वाकडे बसते ना, ते त्या खेपेचे.

माझा जन्म नाईलच्या मुलखातल्या तांता गावातला. मोठ्या मशिदीमागच्या गल्लीत उस्ताद लबीब यांचे दुकान होते. पातळ फळ्यांचा सांगाडा, त्यावर म्हशीचे कातडे, पोटात निळ्या रेघांचे कापड, पितळेची दोन कुलपे आणि वरून एक पट्टा, असे त्यांनी मला अकरा दिवसांत उभे केले. शहाता नावाच्या तरुणाने मला मागवले होते. परदेशात, जिद्दाच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या कोठारावर त्याला नोकरी लागली होती आणि लग्नाला वर्षही झाले नव्हते.

उस्ताद लबीब मला त्याच्या हाती देताना म्हणाले, "हिच्यावर उभा राहून बघ."

शहाता बुटांसकट माझ्यावर उभा राहिला. मी कुरकुरले नाही.

त्यानंतर चोवीस वर्षे माझे एकच काम. जाताना दोन सदरे, एक टॉवेल आणि चटणीची बाटली. वर्षाने महिनाभराच्या रजेवर येताना अख्ख्या गल्लीच्या फर्माइशी. मावशीचा पंखा, चुलत्याचे घड्याळ, शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचे कापड. स्टेशनवरचे हमाल म्हणत, "ही बॅग नाही, गाढव आहे." आमच्या जातीत याला कौतुक म्हणतात.

मला भरायचा तो, आणि रिकामी करायची ती. ती म्हणजे त्याची बायको इन्शिराह. चोवीस वर्षांत दोघांना एकमेकांचे चोवीस महिने मिळाले, आणि त्यांतही घरात पाहुण्यांची रीघ. पुढे तो कायमचा परतला तेव्हा मला कपाटावर चढवले. पोटात हिवाळ्याची पांघरुणे आणि डांबराच्या गोळ्या कोंबल्या. नातवंडे माझ्यावर चढून घसरगुंडी खेळली, मग मोठी झाली आणि खेळेनाशी झाली. शहाता दिवसभर चहाच्या दुकानात सोंगट्या खेळे, इन्शिराह दिवसभर स्वयंपाकघरात असे. जेवायच्या वेळी दोघे भेटत आणि मिठाबद्दल बोलत.

अशात त्यांच्या मुलाने, नागीने, अलेक्झांड्रियाहून दोन तिकिटे पाठवली. लक्सरपासून असवानपर्यंत नाईलवरची बोट, चार रात्री, फक्त दोघांसाठी. मला कपाटावरून उतरवले, ओल्या फडक्याने पुसले, आणि घरात तीन दिवस एकच विषय चालू राहिला.

"आई, बोटवाल्यांच्या कागदावर लिहिलंय," मुलगी रीहाम वाचत होती, "खोलीत एकच कपाट आणि सहा हँगर."

"सहा?" इन्शिराह म्हणाली. "दोन माणसांना सहा? मग सातवा कपडा काय नदीत टांगायचा?"

"चारच रात्री आहेत गं."

"चार रात्री म्हणजे पाच दिवस. त्यात पाण्यावरची थंडी वेगळी. आणि जेवण बेचव निघालं तर?"

"जेवण सगळं तेच देतात."

"देतात. इस्पितळातसुद्धा देतात."

मग माझ्या पोटात पाच शाली गेल्या, एक घोंगडी गेली, आठ टॉवेल, सहा काळे झगे, दोन जोडी चपला, जुन्या चीजची बरणी आणि भाजलेल्या हरभऱ्यांची मोठी पिशवी. हरभरे तांताचे नावाजलेले, ते बोटीवरच्या लोकांना द्यायला. शहाता दुपारी येऊन चार वस्तू काढून ठेवी, संध्याकाळपर्यंत त्या परत आत. जिन्यातून जाणारी शेजारीण उम्म वहीद दाराशी थांबून टाळ्या वाजवत म्हणाली,

बाई निघाली नदीवर, काय काय घेऊ?
चूल घेऊ, जातं घेऊ, घर कुठं ठेवू?

"तू खांद्यावर घे," इन्शिराह म्हणाली, "खांदे रुंद आहेत तुझे."

शहाताने स्वतःसाठी दोन सूट काढले, मुलाच्या लग्नातला एक आणि मुलीच्या लग्नातला एक. त्याच्या रोजच्या गलाबिया, म्हणजे पायघोळ झगे, चारच्या चार दारामागच्या खिळ्यांवर राहिल्या.

"एखादी गलाबिया घ्या की, बाबा," रीहाम म्हणाली.

"नको. तिथं सगळी बडी मंडळी. म्हणतील, म्हातारा शेतावरून थेट बोटीत आला."

तो बाहेर गेल्यावर रीहाम आईजवळ बसली. आई माझ्या कोपऱ्यात लोकरीचे गुंडे दाबून बसवत होती.

"आई, खरं सांग, एवढं कशाला भरतेयस?"

इन्शिराहने दाराकडे पाहिले. "रीहाम, तुझ्या बापाबरोबर एका खोलीत चार दिवस मी जन्मात राहिले नाही. आधी पाहुणे, मग तुम्ही, मग तुमची पोरं. तिथं कोण असणार? बोलायचं काय त्यांच्याशी? हाताला काहीतरी असलेलं बरं. विणत बसेन."

"नऊ गुंडे?"

"पुरतील ना?"

मित्रांनो, तेव्हा मला कळले की माझ्यात कपडे कमी आणि भीती जास्त भरली आहे. कपड्यांचे वजन मला पेलते, त्यासाठीच लबीब उस्तादांनी मला केले होते. भीतीचे माप मात्र कुणी घेतले नव्हते.

रात्रभराच्या आगगाडीने आम्ही लक्सरला पोचलो. तिथे बोटी काठाला एकीला एक लावून उभ्या असतात. आपली बोट पाचवी असेल तर आधीच्या चार बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जावे लागते. हमालाने मला खांद्यावर घेतले आणि तो म्हणाला, "हाजी, आत कोणी बसलंय का?" पहिली बोट पार झाली. दुसऱ्या बोटीत गुळगुळीत संगमरवरी फरशी होती, झुंबर होते, आणि सोफ्यांवर परदेशी पाहुणे लिंबाचे सरबत पीत बसले होते. तिथे माझे डावे कुलूप सुटले.

मी ते मुद्दाम केले नाही. चाळीस वर्षांचे पितळ होते ते. घोंगडी पडली, टॉवेल पडले, बरणी सुदैवाने घोंगडीवर पडली. हरभऱ्यांची पिशवी मात्र फुटली, आणि तांताचे हरभरे त्या फरशीवरून टपटपत झुंबराखाली, सोफ्यांखाली, लोकांच्या बुटांमध्ये पळाले. कुणीतरी हसले. एका बाईने वाकून एक दाणा उचलला आणि इन्शिराहच्या हातात आणून दिला. त्या एका दाण्याने तिचा चेहरा पार उतरला.

शहाताने गुडघ्यांवर बसून सगळे गोळा केले, सुटातला निळा टाय काढला आणि मला त्याने करकचून बांधले.

तो रागावला असता तर बरे झाले असते. खोलीत आल्यावरही तो गप्पच. सहा हँगरांवर दोन सूट आणि चार झगे टांगले गेले, उरलेले पुन्हा माझ्या पोटात, आणि मला पलंगाखाली ढकलले. वर ती विणत बसली. तो दारावरची, बुडायची वेळ आली तर काय करावे याची सूचना वाचत बसला. त्याने ती तीनदा वाचली.

"मी म्हणत होते, मला नको यायला," ती शेवटी म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तेच तर."

दुसरा दिवस असाच. देवळे बघून ती येत, पाय धूत. "चहा?" "झाला." "खिडकी लावू?" "लाव." पलंगाखालून मला सुयांचा आवाज ऐकू येई आणि त्याचे खाकरणे. अजून दोन दिवस असे गेले असते तर ही दोघे घरी परतून आपापल्या जागी कायमची गेली असती, तो चहाच्या दुकानात आणि ती स्वयंपाकघरात. मग मधल्या भिंतीला कुणीच हात लावला नसता. इन्शिराहला हे ठाऊक होते. म्हणून तर ती विणलेले उसवून पुन्हा विणत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जिन्यावरची पाटी वाचून आला.

"आज जेवायला सगळ्यांनी गलाबिया घालून यायचंय," तो म्हणाला.

सुया थांबल्या. "सगळ्यांनी? जर्मन, इटालियन, सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. वरच्या दुकानात विकायला ठेवल्यात. जरीच्या, पुढून उंटाचं चित्र."

"आणि तुमच्या चार दारामागे."

"चार दारामागे."

"मग घ्या एक विकत."

"साठ वर्षं गलाबिया घातली, आता उंटाची घेऊ? मी सूट घालून जातो."

"टायशिवाय?"

"टाय तुझ्या घोंगडीला आवळून बसलाय."

ती त्यावर हसली नाही. दोघे जेवायला गेली. जेवणाच्या दालनात मी नव्हते, तेव्हा पुढचे मी ऐकीव सांगते. पण ऐकले ते दोघांच्या तोंडून.

दार उघडण्याआधीच तिचे हसणे आले. ते मी ओळखलेच नाही. शेजारणींबरोबर हसताना, मुलीबरोबर हसताना तिला मी ऐकले होते. त्याच्याबरोबर कधीच नाही.

"बसू द्या मला," ती धापा टाकत म्हणाली. "पोट दुखलं. अहो, तुम्ही तिला खोलीचा नंबर कशाला विचारलात?"

"मग काय करू? ती म्हणाली, गरम पाणी येत नाही. पाणी येत नाही म्हटलं की आधी खोली विचारायची. चोवीस वर्षांची सवय."

झाले होते असे. सगळी बोट गलाबिया घालून नाचत होती, आणि त्या दालनात सूट घातलेली माणसे दोनच. एक बोटीचा व्यवस्थापक आणि दुसरा शहाता. लोक शहाताला व्यवस्थापक समजले. त्याने चार तक्रारी रुमालावर टिपून घेतल्या, गंभीरपणे मान हलवली आणि काउंटरवर नेऊन दिल्या.

"आणि तो उंच म्हातारा?" ती म्हणाली. "उद्या किती वाजता उठवणार म्हणून विचारत होता, त्याला काय सांगितलंत?"

"पाच."

"पण कार्यक्रम साडेसातचा आहे."

"मला काय ठाऊक? तोंडाला आलं ते सांगितलं. व्यवस्थापकानं माहीत नाही म्हणू नये."

ती पुन्हा हसत सुटली. मग दोघे माझ्या वरच्या पलंगाच्या कडेला बसली. चार पाय माझ्यासमोर शेजारी शेजारी आले.

"जिद्दातही असंच बोलत होतात लोकांशी?" तिने विचारले. एवढ्या वर्षांत तिने हे विचारले नव्हते.

"लोकांशी असंच. बाकी कोठारात एकटाच. दार लावून तुझं पत्र मोठ्यानं वाचायचो. आवाज असावा म्हणून."

"ती पत्रं मी मास्तरांकडून लिहून घ्यायचे."

"ते मला पहिल्या ओळीतच कळायचं. 'आदरणीय पतिराज' असं तू कधी म्हणशील?"

"मग मला लिहायचं असायचं ते राहूनच गेलं."

"काय लिहायचं असायचं?"

तिने सांगितले. बराच वेळ सांगितले. ते मी तुम्हाला सांगणार नाही. जे बॅगेसाठी नव्हते ते बॅगेने बाहेर काढू नये.

सकाळी तिनेच खिडकीतून वाकून पाहत त्याला हाक मारली. वरच्या मजल्याच्या कठड्याशी एक उंच म्हातारा गळ्यात कॅमेरा अडकवून एकटाच उभा होता. पाचपासून उभा असावा. शहाता माझ्या शेजारी जमिनीवर बसून तोंडावर उशी धरून हसत राहिला. मग उठून वर गेला आणि त्या माणसाबरोबर चहा प्यायला. माफी मागितली असे त्याने बायकोला सांगितले. खरे म्हणजे, तो म्हणाला, सूर्योदय फार चांगला दिसला असे म्हातारेबुवाच म्हणत होते.

आता हिशेब ऐका, कारण तोच विचारायला तुम्ही बसला आहात. चार रात्री आणि पाच दिवसांत तिला लागले दोन झगे आणि एक शाल. त्याला लागला एक सूट, तीन सदरे. टॉवेल बोटीचेच वापरले. चीजची बरणी खानसाम्याला दिली, घोंगडी एका खलाशाने मागितली. नऊ गुंड्यांपैकी अर्धा संपला, तोही पहिल्या दोन दिवसांत. मित्रांनो, तुम्ही प्रवासाला निघाल तेव्हा कपडे अंथरुणावर मांडा, त्यातले अर्धे परत कपाटात ठेवा, आणि उरलेल्यांतही एक वस्तू अशी असेल जी तुम्ही फक्त घाबरून घेतली आहे. ती शोधून काढा. बॅगेच्या कुलपांना वर्षातून एकदा तेल द्या, तिला उन्हात टाकू नका. आम्ही बोलत नाही, एकदम सुटतो.

असवानला शेवटच्या सकाळी सातच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या. घरून निघताना इन्शिराहने मला विटा रचाव्या तशी भरले होते, कडा जुळवून, घडीवर घडी. त्या सकाळी ती त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली कुठलीशी गोष्ट सांगत होती. त्याचा सदरा तिच्या झग्यात गुंडाळला गेला, चप्पल शालीवर पडली, आणि हात मधेच थांबत होते, कारण गोष्टीला हात लागत होते. त्याने मला टायने बांधले, तेही तिच्याकडे बघत. गाठ सैल बसली.

मला बाहेर ठेवले. दार लोटलेलेच राहिले. खलाशी आला, त्याने मला उचलले आणि आत डोकावून विचारले, "हाजी, एवढंच का?"

"एवढंच," शहाता म्हणाला. "थांब जरा, तिचं सांगून पुरं होऊ दे."