दोन्ही बाह्या डाव्या

गिऱ्हाइकाने नवा शर्ट अंगात घातला आणि उजवा हात वर करताच बाही काखेत आवळली. मास्तरांनी पुन्हा दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. अख्खी गल्ली ज्या शिंप्याच्या कात्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवायची, त्याने ही चूक करावी आणि वर बायकोला म्हणावं, "तूच उलटं शिवलंस." बायको फक्त काज-बटण करायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. एचआयव्हीच्या गोळ्या ते तिथूनच आणायचे. एकही चुकत नसे, कारण ती समोर उभी राहून गिळायला लावी.

"रिपोर्ट उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्तात विषाणू सापडतही नाही."

"मग डोक्यात असेल. हातातलं काम विसरतात हो हे."

डॉक्टरांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. या आजारात असं होतं, गोळ्या चालू असतानाही होतं, म्हणाले. पण मेंदूची नीट तपासणी मोठ्या इस्पितळात, आणि तिथे पाठवायचं तर आधी इथल्या चाचणीत नापास व्हावं लागतं. त्यांनी शब्द सांगितले: खुर्ची, फूल, नदी. थोड्या वेळाने मास्तरांनी ते घडाघडा म्हणून दाखवले, वर डॉक्टरांची कॉलर कुठे चुकलीय तेही सांगितलं. सगळे हसले. मास्तर पास.

नवरा नापास व्हावा म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसतं का? ती बसली होती.

"त्यांना कापड द्या, कात्री द्या, मग बघा," ती म्हणाली.

"ताई, तशी चाचणी नाही आमच्याकडे."

दुकानात आल्यावर तिने कात्री हिसकावली आणि स्वतःच कापायला बसली. मास्तर स्टुलावरून बघत होते.

"अगं, घडी घाल आधी. सुलट बाजूवर सुलट. नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतील. एवढंही शिकवलं नाही कुणी तुला?"

शब्द न् शब्द बरोबर होता. तिने कात्री पुढे केली. "दाखवा मग."

मास्तरांनी कापड एकेरी पसरलं, एक बाही कापली, आणि तिच्याच शेजारी तशीच दुसरी.

"कळलं?" ते खुशीत म्हणाले.

तिला ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणावर? खरी परीक्षा आत्ता झाली होती, आणि नापास करायला तिथे कुणीच नव्हतं.